भाऊबीजेची वाटणी

माणसांवर नवीन औषधाची चाचणी घ्यायची असेल तर दवाखान्यात एक नैतिकता समिती असावी लागते, आणि नियमानुसार त्या समितीत एक सामान्य माणूस असावा लागतो. कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात तो सामान्य माणूस मी होतो. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालो, आणि मग अधिकृतपणे सामान्य झालो. बाकीचे सदस्य अर्थातच असामान्य होते: एक निवृत्त न्यायाधीश, एक औषधशास्त्राचे प्राध्यापक आणि एक समाजसेविका. बैठकीत आधी बटाटेवडे येत, मग कागद येत. माझं मत सगळ्यांत शेवटी विचारलं जाई. तोवर चहा आलेला असे.

डॉक्टर कांबळे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते याच बैठकीत. किडनीच्या एका दुर्मिळ आजारावर एका परदेशी कंपनीनं औषध शोधलं होतं. ते अजून औषध आहे की नाही हेच ठरायचं होतं, आणि ते ठरवण्याच्या कामात आमचा दवाखाना सामील होणार होता. दवाखान्याचे डायरेक्टर मॅडमची ओळख करून द्यायला उभे राहिले. ‘अत्यंत प्रतिकूल परिस्थितीतून, नेसरीसारख्या खेड्यातून,’ अशी त्यांनी सुरुवात केली, आणि आवाज जरा ओलसर केला.

मॅडम म्हणाल्या, “वडील मास्तर होते, आई पण मास्तरीण. घरात दोन पगार यायचे. परिस्थिती बरी होती. आता कामाचं बोलू या का?”

न्यायाधीशांनी वडा खाली ठेवला. त्या समितीत कुणी कामाचं बोलू या असं म्हटल्याचा तो पहिलाच प्रसंग असावा.

बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, सुती साडीवर पांढरा अ‍ॅप्रन आणि पायात पोरांचे असतात तसे पळायचे बूट. अ‍ॅप्रनच्या एका खिशात स्टेथोस्कोप, दुसऱ्यात भाजलेल्या शेंगा. शिक्षण मुंबईत झालेलं, इंग्रजी उत्तम. पण ते कंपनीच्या माणसांसाठी राखून ठेवलेलं. पेशंटशी त्या गडहिंग्लजकडच्या बोलीत बोलत. वयानं मोठी बाई असली की ‘अक्का’, पुरुष असला की ‘पावणं’, आणि कुणी फारच मोठा माणूस असला की काहीच नाही.

त्यांना स्वतःची केबिन होती, पण तिथे त्या फारशा बसत नसत. बाहेरच्या बाकावर पेशंटांच्या रांगेत बसून शेंगा फोडत. त्यांचं म्हणणं, माणूस केबिनमध्ये आला की आजार सांगतो आणि बाकावर असला की खरं सांगतो. एकदा एका नव्या पेशंटनं शेजारच्या या बाईला विश्वासात घेऊन सांगितलं, “हितली म्याडम लई तिरसट हाय म्हणं.”

“हाय,” मॅडम म्हणाल्या. “पर आलाईसा तर दाखवून जावा.”

आत गेल्यावर समोर तीच बाई बघून तो गृहस्थ पथ्याच्या बाबतीत आयुष्यभर प्रामाणिक राहिला.

किडनीची गाळणी बिघडली की लघवीतून प्रोटीन जातं आणि लघवीला फेस येतो. त्यामुळे ‘फेस येतोय काय?’ हा मॅडमचा कुणालाही, कुठेही विचारायचा प्रश्न होता. कोल्हापुरात फेस म्हटला की माणसांना दूधकट्ट्यावर समोरच म्हशीची धार काढून दिलेला दुधाचा ग्लास आठवतो. मॅडम म्हणत, “दुधाला फेस असावा. बाकी कशाला नसावा.” डायरेक्टरांच्या मुलाच्या लग्नात फोटोसाठी त्या स्टेजवर गेल्या. डायरेक्टरांच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं आणि फोटोग्राफर ‘हसा’ म्हणत असताना विचारलं, “सर, फेस येतो का?” फोटोत नवरानवरी हसताहेत आणि डायरेक्टर मॅडमकडे बघताहेत. दुसऱ्या दिवशी तपासणीत काही निघालं नाही. याचा डायरेक्टरांना फार राग आला.

‘नक्की’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. ‘बरा होशील’ असंही त्या म्हणत नसत. ‘बघू’ म्हणत. नातेवाइकांना हे पटत नसे. दुसरे डॉक्टर कसा खांद्यावर हात ठेवून धीर देतात, तुम्ही देत नाही, अशी एका काकांनी त्यांच्याकडे रीतसर तक्रार केली. मॅडम म्हणाल्या, “धीर मेडिकलात मिळत न्हाय, पावणं. मिळत असता तर लिहून दिला असता.”

तर चाचणी सुरू झाली. त्याआधी उद्घाटन झालं. पूर्वी प्लास्टरचं सामान ठेवायचे त्या खोलीत एक कुलपाचं कपाट आणि एक फ्रीज ठेवला आणि दारावर ‘जागतिक संशोधन केंद्र’ अशी पाटी लावली. फीत कापल्यावर मॅडम आत गेल्या, भिंतींकडे बघितलं आणि म्हणाल्या, “जगाला खिडकी न्हाय व्हय?” नंतर एक पंखा बसवण्यात आला.

आजाराला धड नावही नव्हतं. एक इंग्रजी अक्षर आणि त्याच्यापुढे एक आकडा. मॅडम तो असा सांगत: “अंगात राखणदार असत्यात. रोग आला की त्येला मारायचं त्यांचं काम. तुमच्या राखणदारांनी घरच फोडायला घेतलंय. किडनीच्या गाळण्या मोडत बसल्यात. ह्ये नवीन औषध त्यांचा हात धरतं, असं म्हणत्यात. धरतं का न्हाय, त्ये बघायचंय.”

हा आजार इतका दुर्मिळ की सबंध जिल्ह्यातून दोनच माणसं चाचणीला मिळाली. एक हुपरीचा अजित. घरातच चांदीचे पैंजण घडवायचा कारखाना, वय तिशीच्या आत, लग्न ठरता ठरता पाय सुजले म्हणून राहिलेलं. दुसरी गगनबावड्याकडची मंगल. दोन लहान मुली, नवरा दूध संस्थेत कामाला. एक जिल्ह्याच्या या टोकाची, एक त्या टोकाचा. तपासणीला मात्र दोघांना एकाच दिवशी बोलावलेलं असायचं.

नियम असा की पेशंटला सगळं समजावून सांगायचं आणि त्यानं संमती दिल्याचं कॅमेऱ्यात टिपायचं. अजित इस्त्रीच्या शर्टात, आई, मामा आणि गावच्या पंचायतीतल्या एका माजी सदस्यांना घेऊन आला. समितीतर्फे साक्षीला मी होतो. कॅमेरा सुरू झाल्याबरोबर माजी सदस्य उभे राहिले आणि म्हणाले, “आज या ठिकाणी...”

“काका, तुमाला आजार हाय काय?” मॅडमनी विचारलं.

“न्हाय.”

“मग बसा. ज्येला हाय त्यो बोलंल.”

मग त्यांनी अजितला सांगितलं. “डब्या दोन तऱ्हंच्या हाईत. एकीत औषध, एकीत नुसतं पीठ. कॅप्सूल सारखीच दिसती, चवबी सारखीच. तुला कुठली मिळणार त्ये तुला ठावं न्हाय, मलाबी न्हाय. परदेशात एक कंप्युटर दर माणसाची चिठ्ठी येगळी काढतो, त्येला ठावं हाय. सहा महिनं असंच चालायचं. त्याच्या म्होरं सगळ्यांना खरं औषध. आता तू मला सांग, काय कळलं?”

अजितनं सांगितलं. अगदी बरोबर सांगितलं. आईनं मध्ये विचारलं, “पीठ कशाचं म्हणायचं?” मॅडमनी त्याचंही उत्तर दिलं. मंगलनंही तसंच सगळं नीट सांगितलं. औषधशास्त्राच्या प्राध्यापकांनी ते रेकॉर्डिंग बघून शेरा मारला की इतकी समजून-उमजून दिलेली संमती आपण पूर्वी पाहिली नव्हती. पुढे जे झालं ते या दोघांना न समजल्यामुळे झालं असं कुणी म्हणू नये. पुरतं समजल्यामुळेच झालं.

तपासणीच्या दिवशी रक्त दिल्यावर बराच वेळ बसून राहावं लागे. बाकावर मॅडम, अजित आणि मंगल शेंगा खात बसत. मंगलला सख्खा भाऊ नव्हता. अजितला बहीण नव्हती. राखीपौर्णिमेला तिनं त्याला तिथेच, रक्त काढलेल्या जागी चिकटवलेल्या पट्टीशेजारी, राखी बांधली. मॅडमनी राखीची गाठ सैल करायला लावली, हाताला सूज होती म्हणून.

दिवाळीनंतरच्या तपासणीला अजित खुशीत होता. भाऊबीजेला गगनबावड्याला गेलतो म्हणाला, आणि मोबाइलवरचे फोटो मॅडमना दाखवू लागला. मंगलच्या मुली, मंगलची म्हैस, डोक्यावर टोपी घालून पाटावर बसलेला अजित. मग ओवाळणीचं ताट. ताटात निरांजन, सुपारी, हळदीकुंकू, नवं लुगडं, आणि झाकण उघडलेल्या दोन पांढऱ्या डब्या.

मॅडमनी फोटो मोठा केला. डब्यांवरचं चाचणीचं लेबल स्वच्छ दिसत होतं.

“ह्ये काय?”

“ओवाळणी घातली,” अजित म्हणाला. “निम्म्या माझ्यातल्या तिला, निम्म्या तिच्यातल्या मला.”

“कवापासनं?”

“राखीपासनंच की. रीतसर ताटात आत्ता घातली. तुमीच सांगितलासा न्हवं, एकीत औषध, एकीत पीठ? मग आमच्यात एकाला औषध आणि एकाला पीठ आलं आसंल तर, ह्ये काय बरं दिसतंय व्हय? बहीण म्हटलंय तिला. जे काय आसंल ते निम्मं निम्मं.”

मंगल शेजारीच होती. तिनं पदर सारखा केला. “मी न्हाय म्हणत हुते, म्याडम. पर भावाची ओवाळणी कशी परत करायची?”

त्या दिवशी मॅडमनी शेंगा खाल्ल्या नाहीत, असं नंतर नर्स म्हणाली. त्यांनी अजितला फक्त तो फोटो स्वतःच्या मोबाइलवर पाठवायला सांगितलं. त्यानं तो ‘शुभ दीपावली’ असं लिहून पाठवला.

समितीची तातडीची बैठक बसली. वेळ कमी असल्यामुळे नुसतीच भजी होती. मॅडमनी घडलेलं सांगितलं. हे कंपनीला कळवलं तर दोघांनाही चाचणीतून काढणार, हे उघड होतं. सहा महिने संपत आले होते. त्यानंतर दोघांनाही खरं औषध मिळायचं होतं, आणि दोघांच्याही किडन्यांना ते लवकर हवं होतं.

डायरेक्टरांनी दार लावून घेतलं. “फोटो कुणी कुणी बघितलाय?”

“मी.”

“आणखी?”

मॅडमनी मोबाइल काढला, फोटो उघडला आणि भज्यांच्या प्लेटांमध्ये मधोमध ठेवला. “आता सगळ्यांनी.”

समाजसेविका म्हणाल्या, किती गोड आहेत हो दोघं. न्यायाधीश म्हणाले, तोंडी ताकीद देऊन भागणार नाही का? शेवटी ती दोन माणसं आहेत.

“बीपीच्या गोळीच्या चाचणीला हजारो माणसं असतात,” मॅडम म्हणाल्या. “त्यात दोघं चुकीची निघाली तर खपून जातात. या आजाराची माणसं जगात मोजकी, त्यातली मोजकी या चाचणीत. इथं दोघांचा निकाल खोटा गेला तर लपायला गर्दी नाही. चांगलं औषध वाईट ठरेल, किंवा वाईट औषध चांगलं. मग पुढे ज्यांना हा आजार होईल, त्यांनी ते खायचं.”

“आणि ही दोघं?” न्यायाधीशांनी विचारलं.

“तेच,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी मोबाइल उचलून फोटो बंद केला. मग म्हणाल्या, “त्यांना मी सांगणार. समितीनं सांगायचं नाही.”

माझं मत शेवटी विचारलं गेलं. मी म्हणालो, मॅडमचं बरोबर आहे. सामान्य माणसाला असं म्हणणं सोपं असतं. त्याच्या किडन्या शाबूत असतात.

कंपनीनं दोघांना काढलं. मॅडमनी दोघांना बाकावर बसवून सांगितलं. मंगल रडली. अजित म्हणाला, “आमी चोरी केली न्हाय.”

“न्हाय,” मॅडम म्हणाल्या. “चूक केली.”

त्यानंतर त्यांनी कंपनीमागे ससेमिरा लावला. चाचणीत नाही तर नाही, पण बाहेरून या दोघांना औषध द्या. उत्तरं वेळेवर येत. इतक्या सुंदर इंग्रजीत येत की त्यातला नकार शोधावा लागे. मॅडम तो शोधत आणि पुन्हा लिहीत. दरम्यान त्या दोघांना जुनीच औषधं देत होत्या आणि ‘बघू’ म्हणत होत्या. मंगल टिकली. अजितला पावसाळ्यात ताप आला आणि त्या तापात किडन्या बसल्या. त्याला डायलिसिसवर घ्यावं लागलं. मंगलसाठी औषध आलं ते त्यानंतर. अजितच्या किडन्यांत आता वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढे चाचणी संपली. औषध खरं निघालं. परदेशातल्या कंप्युटरनं आपलं गुपित फोडलं आणि कुणाला कुठली डबी होती ते कळवलं. मॅडमनी तो मेल वाचला, आणि त्या तशाच उठून समितीच्या खोलीत आल्या. मी कागदांवर सह्या करत बसलो होतो.

“दोघांच्याही डबीत औषध होतं,” त्या म्हणाल्या.

मला कळायला वेळ लागला. पीठ कुणालाच नव्हतं. निम्मं निम्मं वाटून दोघांनीही पुरतं औषधच खाल्लं होतं. वाटणीनं काहीही बदललं नव्हतं. मॅडम गप्प बसल्या असत्या तरी एकही आकडा खोटा गेला नसता.

डायरेक्टर म्हणाले, आता हे त्या मुलाला सांगायची काय गरज? नियमात तसं कुठे आहे? या वेळी त्यांचं म्हणणं नुसतंच सोयीचं नव्हतं, दयाळूही होतं, हे मला कबूल करावं लागेल.

“डबी त्याची होती,” मॅडम म्हणाल्या.

त्या वर डायलिसिसच्या वॉर्डात गेल्या. मी मागून गेलो आणि दाराशी थांबलो. अजितच्या हातातून नळ्या मशिनकडे गेलेल्या होत्या. मॅडमनी उभ्याउभ्याच सांगितलं. सांगताना आवाज नेहमीचाच होता. तो ऐकून घेत होता.

“म्हंजे तुमी गप बसला असता तर?” त्यानं विचारलं.

“तर तुला औषध मिळालं असतं.”

“मी हितं नसतो?”

“बहुतेक नसतास.”

“आणि तुमचं आकडं?”

“बरोबरच गेलं असतं.”

“मग?”

“मला ठावं नव्हतं,” मॅडम म्हणाल्या. “कुणालाच नव्हतं.”

अजितनं तोंड भिंतीकडे केलं. त्या दिवसापासून तो त्यांच्याशी बोलायचा बंद झाला. नर्सशी बोले, सफाईवाल्या मावशींशी बोले, मंगल भेटायला आली की तिच्याशी हसून बोले. मॅडम आल्या की भिंत. मॅडम तरीही येत. आठवड्यातून जेव्हा जेव्हा त्याचं डायलिसिस असे तेव्हा येत, मशिन बघत, त्याचं वजन बघत, आणि शेजारी स्टुलावर बसत. काही बोलत नसत. शेंगाही खात नसत, कारण त्याला त्या वर्ज्य होत्या. त्याची आई त्याला किडनी द्यायला तयार होती. पण हा आजार नव्या किडनीतही शिरतो. ती वाचवायची तर तेच औषध हवं. म्हणजे मॅडमचं सुंदर इंग्रजी वाचणं पुन्हा सुरू झालं होतं.

औषधाला मान्यता मिळाल्यावर आमच्या दवाखान्यानं त्याचा सोहळा करायचं ठरवलं. या चाचणीत आमचा एकही पेशंट शेवटपर्यंत नव्हता, ही गोष्ट निमंत्रणपत्रिकेत जागेअभावी राहिली असावी. ‘आमच्या संशोधनाला जागतिक यश’ असा फलक गेटवर लागला. त्यावर डायरेक्टर मोठे, एक पुढारी त्याहून मोठे आणि कोपऱ्यात मॅडम. दहावीच्या हॉलतिकिटावर असतो तसला फोटो. अंगणात मंडप, व्यासपीठावर फेटे, शाली आणि नारळ. निवेदक पुन्हा प्रतिकूल परिस्थितीपाशी पोचला होता. मग त्यानं मॅडमचं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. त्यानं पुन्हा पुकारलं, आणि डायरेक्टरांनी मला खूण केली. सामान्य माणसाला असल्या कामांना पाठवतात.

मॅडम कुठे असतील ते मला माहीत होतं. वॉर्डाच्या खिडकीतून लाउडस्पीकरचा आवाज मंडपापेक्षा स्पष्ट येत होता. अजित मशिनवर होता, भिंतीकडे तोंड करून. मॅडम स्टुलावर. मी दारातच थांबलो, कारण खालून तिसऱ्यांदा त्यांचं नाव आलं आणि भिंतीकडूनच अजित बोलला.

“तुमचं नाव पुकारत्यात.”

मॅडमनी मान वर केली. “पुकारू दे.”

“जावा की.”

“तुझं मशिन सुटल्यावर जाईन.”

“त्येला लई वेळ हाय अजून.”

“ठावं हाय.”

खाली टाळ्या झाल्या. बहुधा शाल दुसऱ्या कुणाला तरी घातली गेली. मग नळ्या सांभाळत अजितनं तोंड या बाजूला वळवलं आणि मॅडमच्या स्टुलाच्या पायांकडे बघितलं.

“मग त्ये स्टूल भितीला लावून बसा. पाय हलतोय त्याचा. पडशीला.”

मॅडम उठल्या. त्यांनी स्टूल उचलून भिंतीला टेकवलं, हातानं दाबून बघितलं आणि बसल्या.